भक्तपूरची एक दिवसाची सहल

नेपाळांत काठमांडू पाहावयास गेलेला प्रवासी भक्तपुरास बहुधा अर्धाच दिवस देतो. हें जुनें मल्ल राजांचें नगर राजधानीच्या पूर्वेस सुमारें १३ किलोमीटरांवर आहे. आमच्या मतें त्यास सबंध दिवस द्यावा, आणि त्यांतला मोठा भाग एकट्या न्यातापोल मंदिरापुढें घालवावा.

राजा भूपतींद्र मल्ल ह्यानें हें पांच छपरांचें मंदिर इ. स. १७०२ मध्यें बांधविलें. खालीं चौथरेही पांचच. वरचा प्रत्येक खालच्याहून लहान. पायऱ्यांच्या दुतर्फा दगडी रक्षकांच्या जोड्या आहेत : तळाशीं जयमल व फत्ता हे पहिलवान, त्यांवर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल आणि शेवटीं व्याघ्रिणी व सिंहिणी ह्या देवता. पहिलवानाचें बळ सामान्य मनुष्याच्या दसपट, व पुढील प्रत्येकाचें खालच्याच्या दसपट, अशी समजूत आहे. विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा. देवतेपाशीं पोंचेतों लाख माणसांचें बळ होतें! आंतील सिद्धिलक्ष्मीचें दर्शन मात्र पुजाऱ्यांवांचून कोणास घडत नाहीं.

ह्या बळाची परीक्षा दोनदां झाली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपांत शेजारचें भैरवनाथ मंदिर कोसळलें. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपांत राजवाड्यापुढील वत्सला दुर्गेचें दगडी मंदिर जमीनदोस्त झालें व कित्येक घरें माणसांसह पडलीं. न्यातापोल दोन्ही वेळां उभें राहिलें. लाकडी सांधे हादरा बसतां थोडे हलतात, तुटत नाहींत, हें एक कारण. पण भैरवनाथही विटा-लाकडांचेंच होतें. तेव्हां सारें श्रेय लाकडास देतां येत नाहीं. रुंद पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा भार दूरवर पसरवितो, आणि वरचा मजला खालच्याहून लहान व हलका असल्यामुळें शिखराचा झोल आटोक्यांत राहतो. पडलेलीं तीं दोन्ही मंदिरें मागाहून पुन्हां उभारलीं गेलीं. आज पाहणारास तीं पडलीं होतीं हें सांगावें लागतें.

राजवाड्याच्या ५५ खिडक्या व १७५३ सालचें सुवर्णद्वार तर सर्वच पाहतात. तें द्वार उभविणारा रणजित मल्ल येथला शेवटचा राजा. १७६९ मध्यें पृथ्वीनारायण शाहानें नगर जिंकलें.

सायंकाळीं कुंभारांच्या चौकांत चाकें पाहावींत, आणि ‘जुजु धौ’, म्हणजे दह्यांचा राजा, अवश्य चाखावा. तो मातीच्या पात्रांतच लावतात. माती पाणी शोषून घेते व दहीं सुरीनें कापावें इतकें घट्ट होतें.