लेखातील छायाचित्रांना कायमचा पत्ता

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या व्यापारी नगराचा उल्लेख आढळतो. विटांचे त्रिविक्रम मंदिर आणि रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय यांमुळे अभ्यासकांची पावले आजही तेरकडे वळतात. अशा स्थळाविषयी लिहिताना शब्दांइतकाच छायाचित्रांचाही आधार लागतो. तेव्हा ही छायाचित्रे लेखासोबत टिकवावी कशी, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

संगणकावर टिपणे लिहिण्यासाठी ‘मार्कडाउन’ ही सुटसुटीत लेखनपद्धती अनेकजण वापरतात. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ साली प्रसिद्ध केली. तिच्यात मजकूर साध्या अक्षरांत राहतो. चित्र मात्र लेखाच्या फाइलमध्ये नसते. तेथे केवळ त्याचा पत्ता असतो, तो असा:

![त्रिविक्रम मंदिर](चित्राचा पत्ता)

हा पत्ता लेखकाच्या स्वतःच्या संगणकातील असेल, तर अडचण उद्भवते. समजा, एखाद्या शिक्षकाने तेरवरील टिपण परंड्याच्या सहकाऱ्यास पाठविले. मजकूर पोहोचेल, पण चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतील. संगणक बदलला, तर खुद्द लेखकावरही हीच वेळ येईल. यावर उपाय म्हणजे लेखात घालताक्षणी चित्र आपोआप महाजालावर चढविणे आणि तेथील पत्ता लेखात उतरविणे. ‘टायपोरा’ हा सशुल्क संपादक व ‘पिकगो’ हे विनामूल्य साधन यांच्या साहाय्याने हे साधता येते.

त्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. गिटहब या संकेतस्थळावर खाते उघडून चित्रांसाठी एक सार्वजनिक रिपॉझिटरी, म्हणजे कोठार, तयार करावे. ते खाजगी ठेवल्यास इतरांना चित्रे दिसणार नाहीत.

२. खात्याच्या सेटिंगमधून त्या कोठारात लिहिण्याची परवानगी देणारे टोकन घ्यावे. हे टोकन एकदाच दाखविले जाते. म्हणून ते लगेच सुरक्षित जागी नोंदवावे. ती खात्याची किल्लीच होय. ती कोणासही देऊ नये.

३. पिकगोमध्ये गिटहबचा पर्याय निवडून खात्याचे व कोठाराचे नाव, शाखेचे नाव व टोकन भरावे. नव्या कोठारात मुख्य शाखेचे नाव सहसा ‘मेन’ असते. जुन्या मार्गदर्शिकांत ‘मास्टर’ आढळते. येथे चूक झाल्यास चित्र चढत नाही.

४. टायपोराच्या प्रेफरन्सेसमधील ‘इमेज’ विभागात चित्र घालताच ते अपलोड व्हावे, असा पर्याय निवडावा आणि अपलोडर म्हणून पिकगो नेमावे. नंतर चाचणीचे बटण दाबून पाहावे.

चाचणी अयशस्वी झाल्यास प्रथम पिकगो सुरू आहे की नाही ते तपासावे. त्याचा सर्व्हर ३६६७७ या पोर्टवर असणे आवश्यक आहे. एकाच नावाचे दुसरे चित्रही अडते. त्यासाठी पिकगोमध्ये वेळेनुसार नाव बदलण्याची सोय आहे. पूर्वी लिहिलेल्या लेखांतील चित्रे ‘फॉरमॅट’ मेनूतील आज्ञेने एकत्रितपणे चढविता येतात.

येथे एका गोष्टीचे भान राखणे अत्यंत आवश्यक आहे. काम आपोआप होते, म्हणजे लेखक विचार करण्यापूर्वीच चित्र सर्वांसाठी खुले होते. भ्रमणध्वनीने टिपलेल्या छायाचित्रात स्थळाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. शेतात सापडलेल्या एखाद्या प्राचीन नाण्याचे चित्र असे प्रसिद्ध झाल्यास ती जागा चोरट्यांना सहज कळेल. कोठारातून चित्र काढून टाकले, तरी त्याच्या जुन्या नोंदीत ते शिल्लक राहते. म्हणून स्थाननोंद आधीच काढावी. व्यक्तींची चित्रे त्यांच्या संमतीनेच घ्यावीत. वस्तुसंग्रहालयातील चित्रणासाठी तेथील परवानगी मिळवावी.

शिवाय, महाजालावरील प्रत म्हणजे जतन नव्हे. खाते बंद पडल्यास किंवा कोठाराचे नाव बदलल्यास सारे पत्ते निकामी होऊ शकतात. मूळ छायाचित्रे तारीख व स्थळाच्या नोंदीसह वेगळ्या डिस्कवर ठेवावीत. एवढी दक्षता घेतल्यास गावोगावच्या अभ्यासकांची टिपणे पुढील पिढीच्या हाती चित्रांसह पडतील.