क्रोम बसवण्याआधी

रबरी बंपरची एमजीबी ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्याला एक सल्ला फुकट मिळतो : ‘ते काळं नाक काढ आणि क्रोम बसव.’ इंग्लंडमध्ये ही हौस पुरवणारे सुटे भाग सहज मिळतात. नवा चकचकीत बंपर खोक्यातून घरी येतो, त्यामुळे काम दोन-चार नट-बोल्टांचं वाटतं. मी घेतलेल्या १९७८च्या गाडीचं नाक आधीच्या मालकानं असंच बदललेलं होतं. विकताना त्यानं ते लपवलं नाही, किंमतही त्या हिशेबानंच लावली. ते काम उलगडून नीट करून घेताना जे कळलं, ते इथं सांगतो. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या बंपरला हात घालणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

मुळात हा बंपर आला कसा, ते आधी पाहू. एमजीबी १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिचा बंपर म्हणजे क्रोमची नाजूक पट्टी होती. गाडीचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत. तिथल्या केंद्रीय नियमांनी १९७३च्या मॉडेलांपासून अट घातली, की ताशी पाच मैलांची समोरची धडक बसली तरी दिवे, इंधन, कूलिंग यांसारख्या यंत्रणा शाबूत राहिल्या पाहिजेत. पाठोपाठ बंपरच्या उंचीचंही बंधन आलं. अख्खं नवं नाक घडवण्याऐवजी कंपनीनं १९७४च्या उत्तरार्धात पोलादी सांगाड्यावर पॉलियुरेथेनचं जाड आवरण चढवलेले बंपर लावले आणि उंचीची अट भागवायला गाडी सुमारे दीड इंच वर उचलली. ऑक्टोबर १९८०मध्ये उत्पादन थांबेपर्यंत एमजीबी तशीच राहिली.

म्हणजे कारखान्यानं नुसता बंपर बदलला नव्हता. पुढचे मडगार्ड, बंपरखालचा पत्रा, जाळी, इंडिकेटरची जागा, जड बंपर पेलणारे कंस, पुढचा क्रॉसमेंबर, मागचे पाटे असं सगळंच त्याच्याबरोबर बदललं. उलट दिशेनं जायचं तर यातल्या प्रत्येकाचं उत्तर तयार असावं लागतं. माझ्या गाडीत त्यातलं एकच मिळालं होतं, बंपरचं.

पहिला मुद्दा पत्र्याचा. क्रोमच्या गाड्यांत इंडिकेटर हेडलाइटच्या खाली मडगार्डमध्ये बसतात. रबरीत ते बंपरमध्येच असतात, त्यामुळे मडगार्डला दिव्याची जागाच नसते. माझ्या गाडीत जुन्याच मडगार्डांना भोकं पाडून दिवे बसवले होते आणि उरलेला आकार पुटीनं भरून काढला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला पत्रा वाजवून बघायची सवय असते. बोटांच्या पेरांनी ठोकलं की कोरा पत्रा खणखणतो, पुटी भरलेली जागा बद्द वाजते. चुंबकही तिथं धरत नाही. पुटीच्या कडेनं रंगाला फोड आलेले होते, म्हणजे आत गंज सुरू झालेला होता.

यावर चांगला उपाय आहे. एमजीबीचे पुढचे मडगार्ड वेल्ड केलेले नसून बोल्टनं बसवलेले असतात आणि क्रोम पद्धतीचे नवे मडगार्ड मिळतात. पण पन्नास वर्षं मुरलेले बोल्ट सुखासुखी सुटत नाहीत. नवा मडगार्ड दरवाजाशी आणि बॉनेटशी सारख्या फटीनं जुळवायला हातात कसब लागतं. त्यानंतर रंग. जुन्या, उन्हानं फिकटलेल्या रंगाशी नवा रंग तंतोतंत मिळत नाही, म्हणून रंगारी तो बॉनेट आणि दरवाजांपर्यंत मिसळत नेतो. माझ्या बिलात बंपरचा आकडा किरकोळ होता. मोठा आकडा पत्रा आणि रंगाचा होता.

दुसरा मुद्दा बाहेरून दिसतच नाही. रबरी बंपर धरणारे कंस ग्राइंडरनं कापले होते आणि कापलेली टोकं तशीच उघडी सोडली होती. पोकळ भागात पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ शिरलं, की तो आतून सडतो. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच भार पेलते. म्हणून इथला गंज हा ताकदीचा प्रश्न आहे. कापाल तिथं तोंड वेल्डिंगनं बंद करा, झिंक प्रायमर मारा आणि आत वॅक्सचा फवारा द्या. पुढं काम करणाऱ्याला कळावं म्हणून आधीचे-नंतरचे फोटो ठेवा.

तिसरा मुद्दा दिव्यांचा. डावा इंडिकेटर लावला की त्याच घरातला साइड लाइटही मंद लुकलुकायचा. असं दिसलं की अर्थिंग शोधा. काळ्या तारेचा संपर्क तुटला की वीज दुसऱ्या फिलामेंटमधून परतीची वाट शोधते. इंग्लिश गाड्यांत डाव्या इंडिकेटरची तार हिरवी-लाल, उजव्याची हिरवी-पांढरी असते. बंपरकडे जाणाऱ्या तारा मडगार्डपर्यंत वाढवताना त्याच रंगाच्या तारा वापरा. मडगार्डच्या आत चाक चिखल उडवतं, म्हणून जोड तिथं उघडे सोडू नका. अर्थची तार रंगावर नाही, खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर बांधा.

चौथा मुद्दा उंचीचा, आणि धोका इथंच जास्त. नुसता बंपर बदलला तर नाजूक क्रोमची गाडी चवड्यांवर उभी राहिल्यासारखी दिसते. आधीच्या मालकानं त्यावर अर्धा इलाज केला होता. मागच्या ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळे घालून शेपूट खाली आणली, नाक मात्र वरच राहिलं. परिणामी हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जायचे. उंची कमी करायची तर पुढची-मागची एकाच वेळी ठरवा. पुढं आखूड स्प्रिंगा किंवा जुन्या पद्धतीचा क्रॉसमेंबर असे मार्ग आहेत; क्रॉसमेंबर बदलला तर स्टिअरिंग रॅक आणि कॉलमची जुळणी पुन्हा तपासावी लागते. मागच्या बाजूला ठोकळ्यांपेक्षा क्रोम मॉडेलचे पाटे मला बरे वाटतात. ॲक्सल आणि बंप स्टॉप यांतलं अंतर, एक्झॉस्ट आणि गतिरोधक यांतलं अंतर मोजा. शेवटी व्हील अलाइनमेंट करून हेडलाइट नव्यानं लावा. पुढची कॉइल स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत भरपूर ताकद धरून असते. ती सुटली तर हाड मोडतं. योग्य साधन आणि जाणता माणूस नसेल, तर हे काम घरी करू नका.

आता कागदपत्रं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला, ती मुळापासून बदललेली नसेल तर, वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळते. पण गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. विमा कंपनीनं बदलांबद्दल विचारलं, तर बंपर आणि उंची दोन्ही सांगा. २०१२च्या कायद्यानं ग्राहकावर चुकीची माहिती न देण्याची काळजी टाकलेली आहे, आणि निष्काळजी उत्तर दाव्याच्या वेळी महागात पडतं. भारतात जुनी गाडी जपणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचावं. कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारणा करा.

आधीच बदललेली गाडी घेत असाल, तर चुंबक आणि टॉर्च बरोबर न्या. मडगार्डच्या खालच्या कडा तपासा, बंपरच्या मागं हात घालून कापलेली टोकं चाचपा, सगळे दिवे एकत्र लावून बघा आणि सपाट जमिनीवर चारही चाकांच्या कमानींची उंची मोजा. अशी गाडी मूळ क्रोमच्या गाडीच्या भावानं घेऊ नका. आणि काढलेला रबरी बंपर मागून घ्या. पुढच्या गिऱ्हाइकाला मूळ रूप हवं असू शकतं.

निर्णय अजून व्हायचा असेल, तर न कापता होणारी कामं आधी करून बघा. उन्हानं पांढुरका झालेला रबरी बंपर स्वच्छ करून काळ्या ड्रेसिंगनं पुष्कळ सुधारतो. तो बॉडीच्या रंगात रंगवताही येतो. मात्र प्लॅस्टिकचा प्रायमर आणि रंगात लवचिकता आणणारं मिश्रण हवं, नाहीतर पहिल्याच धक्क्यात रंगाला तडे जातात. पुढं-मागं नीट खाली आणलेली रबरी बंपरची गाडी पाहून अनेकांचा क्रोमचा हट्ट सुटलेला मी पाहिला आहे.

एवढं करूनही क्रोमच हवा असेल, तर जरूर बसवा. नीट केलेलं काम देखणंच दिसतं. फक्त गॅरेजवाल्याकडून अंदाजपत्रक घेताना पत्रा, रंग, वायरिंग, सस्पेंशन असे वेगळे आकडे लिहून मागा आणि विचारा, ‘बंपर सोडून बाकीच्या कामाचे किती?’ तो आकडा खिशाला झेपत असेल, तरच बंपरची ऑर्डर द्या.