मोटारखान्याच्या दरवाजास यंत्र लावण्यापूर्वी

बाळकुमच्या आमच्या घरापासून सुटा असलेला मोटारखाना वडिलांच्या अमदानीतला असून त्याचे दोन्ही सरकते लोखंडी दरवाजे जमिनीतल्या रुळावर खाचेच्या चाकांनी चालतात. परंतु कशेळीच्या खाडीवरून येणारी खारी हवा, अंगणातून वाहणारे पावसाचे पाणी आणि अलीकडे नाक्यावरच्या मेट्रोच्या कामाची धूळ यांच्या संयुक्त कारभाराने त्या रुळावर असे थर बसले होते, की एकेक दरवाजा हलविण्यास दोन माणसांचे खांदे लागत. सबब, ज्या बाजूने गाडी निघते त्या दरवाजास मोटार लावावी, ही तजवीज घरात सर्वानुमते मंजूर झाली.

उन्हाळा यथास्थित पार पडला. मृगाच्या सरी आल्या आणि दरवाजा अर्ध्या वाटेवरून परत फिरू लागला. वस्तुतः यंत्र आपले कर्तव्यच बजावीत होते, कारण वाटेत अडथळा जाणवताच माघार घ्यावी अशीच त्यास आज्ञा असते. कारागिराने आवरण उघडून जोर वाढविला. पुढे तो आणखी वाढविला. आणि अखेरीस अधिक क्षमतेच्या मोटारीचे दरपत्रक आमच्या हाती ठेविले. त्यावर सही करण्यापूर्वी आम्ही रद्दीचे एक पुठ्ठ्याचे खोके दरवाजाच्या वाटेत उभे करून बटण दाबले. दरवाजाने ते भिंतीपर्यंत नेऊन साफ चपटे केले, आणि मगच तो थांबला.

सारा इत्यर्थ त्या खोक्यात आहे. गंजलेले चाक ओढण्यासाठी ज्या यंत्राचा जोर वाढवावा लागतो, त्यास अडलेले चाक आणि मध्ये सापडलेला लेकराचा हात यांतला भेद उरत नाही. बाजारात ६०० किलो, ८०० किलो अशी जी क्षमता सांगतात, ती नीट रुळावरून विनासायास धावणाऱ्या दरवाजाची होय. वजन आधी आपणच मांडावे: २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा दर चौरस मीटरला सुमारे १५.७ किलो भरतो. म्हणजे १० फूट रुंद व ८ फूट उंच दरवाजाचा नुसता पत्राच ११५ किलोंच्या पुढे जातो, अँगलची चौकट निराळी. मात्र वजनाहून ओढ महत्त्वाची. आम्ही दरवाजास स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून ओढले, तेव्हा काटा २५ किलोंपलीकडे गेला. चाके व बेअरिंगे बदलून, रूळ उपटून पातळीत नव्याने बसविल्यावर आणि पाण्याला पन्हळीची वाट करून दिल्यावर तोच काटा ५ किलोंच्या आत राहिला. दुसऱ्या दरवाजाचीही अशीच डागडुजी केली, आणि तो आता शेजारची शाळकरी मुलगी एका हाताने लोटते. त्यामुळे मोटारीची मुळात गरज होती काय, असा प्रश्न घरात अधूनमधून निघतो व अनुत्तरित राहतो.

दुरुस्ती झाल्यावर जोर किमान पायरीवर आणून खोक्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. शिवाय दारात प्रकाशाचे सेन्सर लावावेत. दरवाजावरची दातेरी पट्टी, जिला रॅक म्हणतात, ती आणि मोटारीचे दातेरी चाक यांत एक-दोन मिलिमीटरचे अंतर राखणे अगत्याचे, नाहीतर चाके झिजून दरवाजा खाली बसला की त्याचा सारा भार मोटारीच्या दांड्यावर येतो आणि दोष मात्र मोटारीवर जातो. दोन्ही टोकांना लोखंडी अडसर हवेतच. लिमिट स्विचच्या भरवशावर दरवाजा रुळाबाहेर पडू देऊ नये. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यांत काटकसर करणाऱ्यास कामावर ठेवू नये.

राहिली किल्ली. वीज गेली असता दरवाजा हाताने सरकविण्यासाठी मोटार किल्लीने मोकळी करावी लागते, आणि ते कुलूप मोटारीच्या अंगावर, म्हणजे बंद मोटारखान्याच्या आत असते. घराला लागून असलेल्या मोटारखान्यात आतून जाता येते. सुट्या मोटारखान्यास दुसरी वाट नसेल तर गाडीसकट सारे काही वीज येईपर्यंत अडकून पडते. बाहेरून ओढता येईल अशी कुलूपबंद तार बसविता येते. आम्ही मागल्या भिंतीत खिडकीच्या जागी अडीच फुटी दार काढून घेतले, आणि त्या गवंडीकामाचा खर्च मोटारीच्या अंदाजपत्रकात कोणी धरला नव्हता.