सीट कुठली, हे विचारू नका

यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांनो, हॉस्टेलवर नावगाव विचारून झालं की पुढचा प्रश्न येईल, "पर्सेंटाइल किती?" आणि त्याला लागूनच, "मग सीट कुठली?" हा प्रश्न ओळख वाढवायला विचारलेला नसतो. तुम्हाला कोणत्या खणात ठेवायचं, ते त्यावरून ठरतं. आडनावावरून अंदाज लागला नाही तर लोक कॅप राउंडच्या याद्या उघडतात. त्यात नावासोबत सीटचा प्रकार असतो. माझी सीट कुठली, हे मी इथेही लिहिणार नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातून पुण्याला आले. आमच्या मजल्यावर रत्नागिरी, चंद्रपूर, जळगाव, सोलापूर अशा सगळीकडच्या मुली होत्या. एवढा महाराष्ट्र मी एका ठिकाणी कधी पाहिला नव्हता, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला होता. पण गणपती येईपर्यंत मेसमधली टेबलं वाटली गेली. सीबीएसईच्या मुली खिडकीकडे, मराठी माध्यमाच्या दाराकडे, अंडं खाणाऱ्या कोपऱ्यात. हा नियम कुणी केला, ते कुणालाच सांगता येईना. चंद्रपूरची मुलगी "मी जेवून राहिली" म्हणाली की हशा पिकायचा. दिवाळीपर्यंत ती वर्गात बोलेनाशी झाली. व्हायव्हाला येत असलेलं उत्तरही तिने दिलं नाही. तिला कुणी शिवी दिली नव्हती, मग तक्रार तरी कशाची करायची? मला याचीच जास्त भीती वाटते.

गुणवत्तेच्या गप्पा रात्री उशिरापर्यंत चालतात. फीमाफीच्या म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या मुलांनाही "फुकटे" म्हणणारे भेटतील. त्या जागांचा कटऑफ बऱ्याचदा ओपनपेक्षा वर असतो, हे त्यांना खुशाल दाखवा. मात्र ज्यांचा कटऑफ खाली असतो त्यांनी मान खाली घालावी, असा त्याचा अर्थ नाही. प्रवेश झाल्यावर सगळ्यांचा पेपर एकच असतो.

यूजीसीच्या 2012 च्या नियमांनुसार वर्गात कुणाची जात जाहीर करणं, कुणाला "राखीववाला" म्हणून वेगळं काढणं हा भेदभावच आहे. कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. ते नियम कागदावरच राहिले म्हणून आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी या विद्यार्थ्यांच्या आयांना 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तेव्हा पहिल्याच आठवड्यात कार्यालयात जाऊन त्या अधिकाऱ्याचं नाव विचारा. काही घडलं तर तारीख, जागा, कोण हजर होतं, ते त्याच रात्री लिहून ठेवा. रॅगिंग असेल तर 1800-180-5522 हा क्रमांक आहे.

पण टेबलांचं काय? मेसमधली ती वाटणी मोडणं कोणत्याही अधिकाऱ्याला जमणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला जेवत. तीन वर्षांनी गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. ती मुलं एकत्र आली ती भाषणं ऐकून नव्हे. कामं, जेवण, झोपणं सगळंच बरोबर होतं म्हणून. आमच्या फ्रेशर्स पार्टीला "विविधतेत एकता" असा मोठा फलक होता आणि खुर्च्यांवर तेच गट बसले होते.

म्हणून प्रॅक्टिकलच्या बॅचेस ओळखीपाळखीने न पाडता रोल नंबरने पाडा, असं सरांना आधीच सांगा. ज्यांना इंग्रजी सहज येतं त्यांनी ताट उचलून दाराकडच्या टेबलावर जावं. तिथल्यांनी उठून खिडकीकडे जाणं फार अवघड असतं, हे मी पाहिलंय. आणि हॉस्टेलवर सुरुवातीला खोली बदलून मिळते, तेव्हा गावाकडच्या मैत्रिणीच्या खोलीत जाण्याचा अर्ज निदान पहिल्या सत्रात तरी देऊ नका.