परदेशातील हिवाळा

पौष महिन्यात आपल्याकडेही थंडी पडते. यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबसारख्या गावी पहाटे शेकोटी पेटते आणि तिच्याभोवती माणसे अंग आखडून बसतात. पण सूर्य कासराभर वर आला की पांघरुणे उतरतात. दुपारी तर सावली हवीशी वाटते. परंतु जेथे दुपारीही बर्फ वितळत नाही, अशा नगरात महिनोन्महिने राहावे लागले तर?

१८८३ साली हा प्रसंग एका अठरा वर्षांच्या मराठी तरुणीवर आला. त्यांचे नाव आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांचे तान्हे मूल दहा दिवसांतच दगावले होते. आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवेत, हे त्यांच्या मनाने घेतले. पतीला मागे ठेवून त्या अमेरिकेस गेल्या व फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या.

बोरी अरब विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर आहे, तर फिलाडेल्फिया सुमारे ४० अंशांवर. त्यामुळे हिवाळ्यात तेथे सूर्य आकाशात फार वर चढत नाही. त्याचे तिरपे किरण अधिक जागेवर पसरतात व ऊब कमी पडते. डिसेंबरअखेर आपला दिवस सुमारे ११ तासांचा असतो. तेथील मात्र सव्वानऊ तासांच्या आसपास.

अशा थंडीत तेथील लोक दारे-खिडक्या घट्ट लावतात, घरात उष्णता राखतात आणि एकावर एक कपडे घालतात. दोन कपड्यांमध्ये अडकलेली हवा अंगातील ऊब सहसा बाहेर जाऊ देत नाही. लोकरीचा गुणही हाच.

आनंदीबाईंनी मात्र परदेशातही आपला पोशाख व शाकाहार न सोडण्याचा निश्चय केला होता. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत; म्हणून त्या गुजराती पद्धतीची पायघोळ साडी नेसू लागल्या. निश्चय कायम राहिला, रीत तेवढी बदलली. पण खोलीतील शेगडी नीट पेटत नसे आणि पेटली तर धूर कोंडे. धूर सोसावा की थंडी, एवढाच प्रश्न उरे! अशा स्थितीतही अभ्यास थांबला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली.

परंतु प्रकृती ढासळली होती. त्यांना क्षयाने ग्रासले. या रोगाचा जंतू १८८२ साली सापडला होता; त्यावर औषध मात्र नव्हते. स्वदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

रुग्णांची सेवा करण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. पण मराठी मुलगी डॉक्टर होऊ शकते, हे सर्वांनी पाहिले. पुढे त्या वाटेने अनेकजणी गेल्या.

स्वाध्याय
१. फिलाडेल्फियात हिवाळा अधिक कडक का असतो?
२. ‘निश्चय कायम राहिला, रीत तेवढी बदलली,’ हे वाक्य स्पष्ट करा.
३. तुमच्या गावी थंडीपासून बचाव कसा करतात, ते दहा ओळींत लिहा.