सहलीचं गणित : सुट्टी, थीम पार्क आणि आपली मुलं



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या दिवशी आपण बहुतेक सगळे एकच प्रश्न विचारतो, "सुट्टीत कुठे कुठे गेलात?" मीही दरवर्षी विचारायचे. माझा वर्ग चौथी-पाचवीचा एकत्र, सातारा जिल्ह्यातली छोटी शाळा. दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नावर एका मुलाने खोपोलीच्या इमॅजिकाची गोष्ट सांगितली. वर्ग कान देऊन ऐकत होता. त्याच्यानंतर चौथीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, आम्ही पण गेलो होतो." तिने सांगितलेलं सगळं त्या मुलाने आत्ताच सांगितलेलं होतं, फक्त पाळणा थोडा उंच झाला होता. त्या सुट्टीत ती आईबरोबर रोज कांद्याच्या रोपांच्या लागणीला जात होती, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. पण घरी जाताना वाटत राहिलं, खोटं तिने सांगितलं खरं, पण ते सांगायला लावलं माझ्या प्रश्नाने.

त्यातूनच हा पाठ तयार झाला. सहलीला जाणं सगळ्यांना जमणार नाही. सहलीचं नियोजन मात्र वर्गातल्या प्रत्येक मुलाला करता येतं. आणि ज्या पालकांना खरंच जायचं आहे, त्यांनाही हेच नियोजन उपयोगी पडतं.

थोडी पूर्वतयारी : थीम पार्क म्हणजे काय?

मुलांना जत्रेतला आकाशपाळणा माहीत असतो, तिथूनच सुरुवात करावी. जत्रेतले पाळणे चार दिवस येतात आणि जातात. ते कायमचे एका जागी उभे केले की झालं मनोरंजन उद्यान. त्यात एखादी कल्पना किंवा कथा धरून इमारती, पात्रं, खेळ उभारले की झालं थीम पार्क. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिस्नेलँड १९५५ साली सुरू झालं. आपल्याकडे दिल्लीत अप्पू घर १९८४ साली आणि मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ साली आलं. खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका २०१३ सालचं. ही चार सालं फळ्यावर लिहून कालरेषा काढायला सांगितली, की परिसर अभ्यासाची एक कृती तिथेच होते.

कृती १ : दिवस कोणता निवडायचा?

भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. मुलांना दिवाळीची सुट्टी, नाताळच्या आसपासच्या सुट्ट्या आणि मे महिना रंगवायला सांगा. मग प्रत्येक सुट्टीपुढे तीन गोष्टी लिहायच्या : हवा कशी असेल, गर्दी किती असेल, घरात काम काय असेल.

माझ्या वर्गात आलेली उत्तरं सांगते. मे महिन्यात ऊन फार, पण सुट्टी मोठी आणि पाण्याच्या खेळांना बरी. दिवाळीनंतर हवा छान, पण भाऊबीजेपर्यंत पाहुणे आणि नंतर रब्बीची पेरणी. पावसाळ्यात खोपोलीकडे धो धो पाऊस, शिवाय शाळा चालू. "मॅडम, शनिवार-रविवारी तर सगळेच जातील ना?" हे एका पाचवीतल्या मुलाने स्वतःहून सांगितलं. गर्दीचं गणित इथून सुरू होतं.

समजा, एका खेळात एका फेरीला २० माणसं बसतात आणि चढणं-उतरणं धरून एका फेरीला ४ मिनिटं लागतात.

रांगेत पुढे २०० माणसं असतील, तर १० फेऱ्या, म्हणजे ४० मिनिटं.
रांगेत पुढे ५०० माणसं असतील, तर २५ फेऱ्या, म्हणजे १०० मिनिटं.

पार्क सकाळी ११ ते संध्याकाळी ७ चालू आहे असं धरू. ८ तास म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाचा एक तास काढला की उरली ४२० मिनिटं. कमी गर्दीच्या दिवशी साधारण १० खेळ होतात, तुफान गर्दीच्या दिवशी फक्त ४. तिकीट काढायचं ते काढायचंच, मग सुट्टीतलाच मंगळवार किंवा बुधवार का निवडायचा, हे मुलं तुम्हाला पटवून देतील.

पालकांसाठी इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. गर्दी कमी म्हणून शाळा चालू असताना आठवडाभर मुलाला घेऊन जायचा मोह होतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. म्हणजे एका दिवसाला सरासरी ४ तास. पाच दिवस गेले की २० तास गेले. त्याच आठवड्यात वर्गात अपूर्णांकांची ओळख झाली, तर ते मूल पुढचा महिनाभर नुसतं फळ्याकडे बघत राहतं. वही उतरवून घेतल्याने तो पाठ भरून निघत नाही. तेव्हा सुट्टीच्या आतलाच मधला वार शोधा. अगदीच नाइलाज असेल तर जाण्याआधी वर्गशिक्षकांना भेटा, काय शिकवणार आहेत ते विचारून घ्या. आम्ही रागावत नाही हो. न सांगता गेलात तर मात्र काळजी वाटते.

कृती २ : उंची मोजा

हा माझा स्वतःचा फसलेला अनुभव आहे. आम्ही घरचे सगळे एका मोठ्या पार्कमध्ये गेलो होतो. ज्या खेळासाठी माझा भाचा वर्षभर दिवस मोजत होता, त्याच्या दाराशी उंचीची पट्टी होती आणि हा ३ सेंटिमीटर कमी भरला. तिथल्या माणसाचं काहीच चुकलं नाही, नियम तो नियम. चूक माझी. शाळेत वर्षातून दोनदा मुलांची उंची घेणारी मी, घरच्या मुलाची उंची घेऊन निघाले नव्हते. त्याचा अख्खा दिवस त्या ३ सेंटिमीटरनी खाल्ला.

बहुतेक पार्कमध्ये कोणता खेळ खेळता येईल हे वयापेक्षा उंचीवर ठरतं. अनेक ठिकाणी मुलांचं तिकीटही उंचीवरच असतं. कारण मुलांना समजावून सांगा : खेळातला दांडा किंवा पट्टा ठरावीक मापाच्या शरीराला घट्ट धरतो. शरीर लहान असेल तर मूल त्यातून निसटू शकतं. म्हणजे तो नियम मुलाला हिणवायला नसतो, जपायला असतो.

वर्गात भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी चिकटवा. चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर वही आडवी धरून जोडीदाराने मोजायचं. सगळ्यांची उंची तक्त्यात लिहायची. मग प्रश्न विचारा : १२० सेंटिमीटरची अट असेल तर किती जण आत जातील? १४० ची असेल तर? सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या मुलात फरक किती? एक सूचना : वर्गात एखादं मूल फारच लहानखुरं असेल तर तक्त्यात नावांऐवजी क्रमांक घाला.

मोठ्या मुलांना रोलर कोस्टर कसा धावतो तेही सांगता येईल. नेहमीच्या रोलर कोस्टरमध्ये डबे साखळीने पहिल्या चढावर ओढून नेतात. तिथून पुढे इंजिन लागत नाही, ते स्वतःच्या वजनाने खाली येतात आणि त्याच वेगावर पुढचा चढ चढतात. म्हणून पहिला चढ सर्वांत उंच. वहीच्या उतारावर गोटी सोडून हे दाखवता येतं.

कृती ३ : खर्चाचा तक्ता

घर असं घेतलं : आजी (वय ७८), आई, बाबा, ९ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. एस. टी.च्या सवलती आधी फळ्यावर लिहिल्या. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, महिलांना ५० टक्के सवलत, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. खालच्या रकमा फक्त गणितासाठी धरलेल्या आहेत. जाणार असाल तर त्या वेळचे दर बघून घ्या.

एस. टी.चं पूर्ण तिकीट ३०० रुपये धरलं. बाबा ३००, आई १५०, मुलगी १५०, आजी ०, छोटा ०. एका वेळचे ६००, जाऊन-येऊन १,२०० रुपये.
पार्कचं तिकीट : मोठ्यांचं १,२००, मुलीचं आणि आजीचं प्रत्येकी १,०००, छोटा मोफत. एकूण ४,४०० रुपये.
जेवण-चहा : माणशी ३०० प्रमाणे पाच जणांचे १,५०० रुपये.
एका रात्रीचा मुक्काम : १,५०० रुपये.
रिक्षा : ५०० रुपये. सामान ठेवायचा लॉकर आणि किरकोळ : २०० रुपये.

बेरीज ९,३०० रुपये. ऐन वेळच्या खर्चासाठी त्याचा दहावा भाग, म्हणजे ९३० रुपये बाजूला ठेवायचे. एकूण १०,२३० रुपये.

आता सहल मे महिन्यात असेल आणि जून ते एप्रिल असे ११ महिने पैसे साठवायचे असतील, तर महिन्याला किती? १०,२३० भागिले ११, उत्तर ९३०. चौथीच्या मुलांना भागाकार जड गेला तर अंदाज करायला सांगा : महिन्याला ९०० टाकले तर ९,९०० होतात, ३३० कमी पडतात. हा अंदाज करता आला की निम्मं काम झालं.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एक कॅलेंडरचं गणित : आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. ५ मेची गाडी असेल तर आरक्षण कधी उघडेल? उत्तर ६ मार्च. मार्चचे ३१ दिवस विसरलं की उत्तर चुकतं.

कृती ४ : पार्कच्या पलीकडे

एवढ्या लांब जायचं तर रस्त्यात काय आहे? खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकांपैकी दोन. त्याच भागात उंबरखिंड आहे. १६६१ साली शिवाजी महाराजांनी तिथे कारतलबखानाच्या फौजेला कोंडीत पकडलं होतं. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहेच. नकाशावर खिंड दाखवा आणि विचारा, मोठी फौज अरुंद वाटेत का अडकली? रांगेचं गणित केलेलं मूल लगेच उत्तर देतं.

निघण्याआधीची यादी मुलांकडूनच करून घ्या : ओळखपत्रं, टोपी, नेहमीची औषधं, पाण्याच्या खेळांसाठी नायलॉनचे कपडे, कारण सुती कपड्यांना तिथे बहुधा परवानगी नसते. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, म्हणून दशम्या-चटणी प्रवासातच संपवायची. आणि छोट्याच्या खिशात बाबांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.

आणि त्या मुलीचं काय झालं?

तक्ता सगळ्यात नीट तिनेच केला. बेरीज दोनदा तपासली. मग वही घेऊन माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, एवढ्यात आमच्या घराचे पत्रे येतील."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. पाठात हे लिहिलेलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "मग दुसरा तक्ता कर. पत्र्यांचा." तिने केला. किती पत्रे, एकाची किंमत किती, टेम्पोचं भाडं किती, हे सगळं वडिलांना विचारून आणलं. वर्गाला समजावूनही तिनेच सांगितलं. त्या दिवशी इमॅजिकाला जाऊन आलेला मुलगाही मन लावून ऐकत होता. त्यानंतर मी कृतीत बदल केला. आता प्रत्येक मूल दोन तक्ते करतं : एक थीम पार्कचा आणि एक आपल्या घराला हव्या असलेल्या गोष्टीचा. कुणी गावच्या जत्रेचा करतं, कुणी मामाच्या गावाचा, कुणी शेळीचा.

पालकांनो, तुम्ही सहलीला गेलात तर छानच. पण मुलांना तक्त्यात बसवा. किती पैसे आहेत, किती लागतील, काय परवडणार नाही, हे त्यांना कळू द्या. ज्या मुलाने ११ महिने डब्यात पैसे पडताना पाहिले आहेत, ते पार्कमध्ये दिसेल त्या खेळण्यासाठी हट्ट धरत नाही, निदान कमी धरतं. आणि न जमलं तर "पुढच्या वर्षी नक्की" असं खोटं सांगू नका. "यंदा पत्रे, मग बघू" हे मुलाला समजतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर समजतं.

शिक्षक मित्रांनो, सुट्टीनंतरचा तो पहिला प्रश्न मी आता बदलला आहे. विचारते, "सुट्टीत अशी कोणती गोष्ट केलीत जी आधी कधी केली नव्हती?" गेल्या वेळी पहिला हात तिचाच वर होता. वडिलांबरोबर पत्र्याला हूक ठोकताना तिने शिडी धरली होती.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी कोणकोणते तक्ते केले ते जरूर कळवा.