खेळाडू आपला, चेहरा कोणाचा?

आपल्या हॉस्टेलमध्ये असा एकही मजला नसेल जिथे कुणाच्या तरी लॅपटॉपवर ई.ए. स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट 07’ नाही. 2006 साली आलेला गेम, पण अजून मेला नाही. नवीन मुलगा आला की सीनियर त्याला पहिली गोष्ट सांगतात, "आधी पॅच टाक." कारण त्या गेममध्ये लायसन्स होते फक्त इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे. आपल्या खेळाडूंची नावं मोडतोड करून टाकलेली. वाचताना ओळखीची वाटतात, पण बरोबर नसतात. पॅच टाकला की खरी नावं येतात.

आता नाव बदलायची गरज काय? गरज अशी, की नाव वापरायचं तर परवानगी लागते आणि परवानगीला पैसे लागतात. आपण हे हसण्यावारी नेतो. अमेरिकेत याच गोष्टीवरून कोर्टकचेरी झाली, कॉलेज फुटबॉलचा नवा गेम अकरा वर्षं आला नाही, आणि कॉलेजच्या खेळाडूला पैसे द्यावे की नाही हा जुना वाद पेटला तो पेटलाच.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. तिथे कॉलेजचं फुटबॉल म्हणजे आपल्यासारखं ग्राउंडवर चुना टाकून चार लोकांसमोर खेळणं नव्हे. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसं बसतात. टी.व्ही.चे करार अब्जावधी डॉलरचे, काही कोचचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर. खेळाडूला मात्र तेव्हा फी, राहणं आणि जेवण यापलीकडे काही घ्यायची बंदी होती. का तर तो ‘हौशी’ आहे! हा नियम चालवणारी संस्था म्हणजे एन.सी.ए.ए. याच संस्थेच्या लायसन्सवर ई.ए. दरवर्षी गेम काढायची. त्यात खेळाडूचं नाव नसे, पण जर्सी नंबर तोच, उंची तीच, वजन तेच. नावांची फाईल लोक डाऊनलोड करून घेत. म्हणजे आपला पॅचच म्हणा ना.

2009 साली सॅम केलर नावाच्या क्वार्टरबॅकने यावर दावा लावला. त्याच वर्षी एड ओ’बॅनन हा जुना बास्केटबॉलपटूही कोर्टात गेला. 1995 साली त्याने यू.सी.एल.ए.ला विजेतेपद मिळवून दिलं होतं आणि आता तो गाड्या विकायचं काम करत होता. एका मित्राच्या घरी त्याने पाहिलं, की मित्राचा मुलगा त्यालाच घेऊन खेळतोय. 31 नंबर, डावखुरा, टक्कल, सगळं तेच. गेम पैसे देऊन आणलेला, आणि ओ’बॅननला त्यातला एक छदामही मिळालेला नाही. मला वाटतं हा प्रसंग वाचला की वेगळ्या युक्तिवादाची गरजच उरत नाही.

जुलै 2013 मध्ये अपील कोर्टाने केलरच्या बाजूने सांगितलं, की खेळाडूला हुबेहूब उचलून गेममध्ये टाकणं म्हणजे काही नवीन कलाकृती नव्हे. त्याच वर्षी एन.सी.ए.ए.ने लायसन्स संपवलं. ‘एन.सी.ए.ए. फुटबॉल 14’ हा शेवटचा गेम ठरला आणि त्याच्या जुन्या डिस्क चढ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. 2014 मध्ये सहा कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यात चार कोटी ई.ए. आणि लायसन्सिंग कंपनीचे, दोन कोटी एन.सी.ए.ए.चे.

त्या वेळी पुष्कळ लोक म्हणायचे, बघा, पैसे मागितले आणि गेमच गेला. मीसुद्धा आधी असंच समजत होतो. पण पुढचा हिशोब पाहा. 1 जुलै 2021 पासून तिथल्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा विकायची मोकळीक मिळाली. जुलै 2024 मध्ये गेम परत आला. दहा हजारांच्या वर खेळाडूंनी होकार दिला. प्रत्येकाला 600 डॉलर आणि गेमची एक कॉपी. दहा हजार गुणिले सहाशे म्हणजे साठ लाख डॉलर. गेमची किंमत 70 डॉलर, म्हणजे साधारण 86 हजार कॉप्यांच्या छापील किंमतीत हा खर्च निघतो. (दुकानदाराचा वाटा धरला तर आकडा आणखी वाढवा.) आणि कंपनीनेच सांगितलं, की पहिल्या आठवड्यात 50 लाख लोक खेळले. म्हणजे खेळाडूंना पैसे दिल्याने गेम बुडाला नाही. परवानगी न घेता वापरल्याने बुडाला होता. सहाशे डॉलर कमीच आहेत, आणि स्टार खेळाडूला आणि बाकावरच्याला सारखेच, हे खटकतं खरं. पण शून्यापेक्षा बरे.

पगाराची गोष्ट त्याच्याही पुढे गेली. जून 2025 मध्ये कोर्टाने एक तडजोड मंजूर केली. तिच्याप्रमाणे युनिव्हर्सिटीला पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटायची मुभा मिळाली. यातला मोठा वाटा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जातो, मुलींना आणि लहान खेळांना कमी. तिथे त्यावरूनही भांडण सुरू झालं.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. अमरावती खेळात मागे नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाची मंडळी तिथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली. पण आपल्याकडे खेळाडूला मिळतं काय? दहावी-बारावीला सवलतीचे गुण, जास्तीत जास्त 25. सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण. आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा मुलाखतीत सांगतो, की त्याला सैन्यदलात जायचं होतं आणि राज्य पातळीवर खेळलं की जादा मार्क मिळतात म्हणून तो क्रिकेट खेळू लागला. त्याच जितेशला नोव्हेंबर 2024 च्या लिलावात बंगळुरूने 11 कोटींना घेतलं. म्हणजे आपल्याकडे मार्क हेच मानधन!

अजून एक हिशोब. 2021 मध्ये बी.सी.सी.आय.ने देशांतर्गत मॅच फी वाढवली, तेव्हा अंडर 23 साठी दिवसाला 25,000 रुपये ठरले. वीस वर्षांचा मुलगा विदर्भाकडून खेळला तर एवढे मिळतात. तोच मुलगा, त्याच वयात, त्याच ग्राउंडवर युनिव्हर्सिटीकडून खेळला तर प्रवासभत्ता आणि जेवणाचे पैसे. मग हौशी कोण आणि व्यावसायिक कोण, हे खेळाडूवर ठरतं की पाठीवरच्या लोगोवर?

माझा रूम पार्टनर कबड्डी खेळतो. इंटरकॉलेजिएटला अकोल्याला गेला होता, बडनेऱ्याहून पॅसेंजरने, उभ्याने. परत आला तेव्हा गुडघा सुजलेला आणि दोन प्रॅक्टिकल गेलेली. पुढच्या वर्षी माहितीपत्रकाच्या कव्हरवर त्याचाच रेड मारतानाचा फोटो. मी म्हटलं, तुला विचारलं होतं का? तर म्हणतो, "मले कोण विचारते बे? एक ट्रॅकसूट भेटला, तो बी ढिला."

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे चित्र उलटं आहे. एप्रिल 2023 मध्ये दिल्ली हायकोर्टाने अशाच एका प्रकरणात आदेश दिला. रारियो कंपनी आणि तिच्यासोबत मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग वगैरे खेळाडू एकीकडे. दुसरीकडे त्यांच्या नावांची आणि चित्रांची डिजिटल कार्डं काढणारा ‘स्ट्रायकर’ हा गेम. कोर्टाने अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. खेळाडूचं नाव आणि खेळाची आकडेवारी ही सगळ्यांसमोर असलेली माहिती आहे, तिचा वापर अभिव्यक्ती स्वातंत्र्यात बसतो, असं कारण दिलं. जिथे सिराजचं चालत नाही तिथे माझ्या रूम पार्टनरचं काय चालणार!

तरीही कॉलेजने पगार द्यावा असं मी म्हणणार नाही. आपल्या इंटरकॉलेजिएटला तिकीट नाही, टी.व्ही. नाही. पगार द्यायचा तर तो तुमच्या-माझ्या जिमखाना फीमधून जाईल आणि पहिल्याच सेमिस्टरला भांडणं होतील. पण फोटो छापून ॲडमिशन वाढवायच्या असतील तर तो फोटो विकत घेतला पाहिजे, भले हजार रुपये का असेना. आणि खेळायला पाठवलं त्या दिवसांची हजेरी आणि गुडघ्याचा एम.आर.आय. कॉलेजने करावा. हे मागायला अमेरिकेचं कोर्ट लागत नाही, जिमखाना कमिटीची एक मीटिंग पुरे.

हा लेख त्याला वाचून दाखवला. "काऊन लिहून रायला बे हे सगळं," म्हणाला. मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "माह्या फोटोनं खरंच ॲडमिशन झाल्या असतील का बे?"